सान्तेर्मो बंद आहे

ओत्तोरीनो,

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि मला आता ओरडवत नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी वाचता आलं नाही तर मिरेलाला वाचून दाखवायला सांग. तुझ्या लेकीला यातलं निम्मं ठाऊक आहेच. उरलेलं कळलं तरी आता कुणाचं काही बिघडत नाही.

परवा ग्वेर्रीनोच्या बारमध्ये एक तरुण जोडपं आलं होतं. पाठीवर पिशव्या, चेहऱ्यावर ऊन. मुलीने मला विचारलं, "आजी, आठ दिवस या खोऱ्यातली जुनी चित्रं बघत हिंडायचंय. मुक्काम कुठे करावा? इथे की सान्तेर्मोला?"

ग्वेर्रीनो कप पुसत होता, तो थांबला. माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. एके काळी या प्रश्नाचं उत्तर आपल्या रोक्काल्वीनातल्या शेंबड्या पोरानेही एका दमात दिलं असतं. ग्वेर्रीनोने तोच कप पुन्हा पुसायला घेतला. शेवटी मी म्हटलं, "दोन्हीकडे अंथरुणं स्वच्छ असतात, कुठेही राहा." आणि कॉफी अर्धी टाकून घरी आले.

घरी येऊन ठरवलं की तुझ्याबद्दल कुणीतरी नीट लिहून ठेवायला पाहिजे. ग्वेर्रीनोला पाटीवर भाव लिहिण्यापलीकडे लेखन जमत नाही. मी औषधशास्त्राची पदवी घेतली, चाळीस वर्षं गावाला गोळ्या विकल्या, डॉक्टरांची अक्षरं लावली. तेव्हा हे काम माझ्याकडेच येतं. तुला आवडणार नाही. न आवडो.

तू जन्मलास तेच मुळी सहा नंबरच्या खोलीत. बाकीच्या सगळ्या खोल्यांत पाहुणे होते म्हणून तुझ्या आईने सहा नंबरमध्ये बाळंतपण उरकलं आणि तिसऱ्या दिवशी ती खोली भाड्याने दिली. सात खोल्यांचं लॉज, खाली जेवणाची खोली, मागे अंजिराचं झाड. शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर बसायचास. गणितात ढ होतास, पण चादरीची घडी अशी घालायचास की बाईंनी एकदा सगळ्या मुलींना तुझ्याकडून शिकायला लावलं. मुलं तुला चिडवायची. तुला कधी त्याचं काही वाटलेलं मी पाहिलं नाही. तुला एकाच गोष्टीचा राग यायचा, आणि तो आपल्या सगळ्यांनाच यायचा.

सान्तेर्मोचा.

चारशे वर्षांपूर्वी त्यांनी आपली घंटा पळवली. ती घंटा आपण त्याआधी दुसऱ्या कुणाची तरी पळवली होती, ते आपण बोलत नाही. दर सप्टेंबरात आडव्या धनुष्यांची स्पर्धा व्हायची. तुझे वडील आपल्या बाजूचा ढोल वाजवायचे, आणि हरलो की आठवडाभर घरात कुणाशी बोलायचे नाहीत. ते लोक नदीकाठचे, म्हणून आपण त्यांना बेडूकखाऊ म्हणायचो. आपण डोंगरावरचे, म्हणून ते आपल्याला गाढवं म्हणायचे. आणि कुणी परका माणूस चौकात येऊन सान्तेर्मोचा रस्ता विचारायला लागला की लहानथोर सगळ्यांचं उत्तर एकच. सान्तेर्मो बंद आहे. गंभीर चेहऱ्याने सांगायचं. मग तो माणूस गोंधळायचा, मग सगळे हसायचे, मग रस्ता दाखवायचा. पाद्रीसुद्धा हे करायचे.

पण त्यांच्याकडे ते भित्तिचित्र होतं. मठाच्या भोजनगृहात अख्खी भिंत भरून काढलेलं, येशूच्या शेवटच्या जेवणाचं. जगभरातून लोक ते बघायला यायचे. आपल्याकडे काय होतं ते स्पष्टच लिहिते. एक चॅपेल. त्यात एक देवदूत. तोही अर्धा, कारण ओलीने त्याचा डावा गाल आणि एक डोळा केव्हाच गळून पडला होता. चॅपेलची किल्ली तुझ्या स्वयंपाकघरात चाळणीशेजारी खिळ्याला टांगलेली असायची. पाहुण्याला देवदूत बघायचा असेल तर तुझं जेवण होईपर्यंत त्याने थांबायचं. तू कुणासाठीही जेवणावरून उठला नाहीस.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होती, तिची किंमत मात्र आपल्याला नव्हती. रस्ते. आपल्या चौकातून एक बस सान्तेर्मोवरून आरेत्सोला जायची, दुसरी खाली पेरूजाला, तिसरी खिंड ओलांडून उर्बीनोला. सकाळी कुठल्याही दिशेला जावं, दिवसभर चित्रं बघावीत, रात्रीच्या जेवणाला परत यावं. चार शहाणी माणसं हे ओळखून तुझ्याकडे उतरायची. नीवेसच्या हातचं जेवायची. ते जेवण त्यांना चित्रांपेक्षा जास्त लक्षात राहायचं, हे मी स्वतः पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय.

नीवेस तुला कशी मिळाली ते कुणालाच कळलं नाही. एवढी चलाख बाई आणि तू. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "याला बोलायला लावायचं काही औषध आहे का?" मी म्हटलं, "नाही. आणि असतं तरी दिलं नसतं, तुला पुढे पश्चात्ताप झाला असता."

सत्त्याऐंशी सालापर्यंत तुझं लॉज कसंबसं चाललं. मग मोठा रस्ता झाला, गाड्यावाले लोक थांबेनासे झाले. छताची कौलं बदलायला झाली होती. तू नीवेसला म्हणालास की हा हिवाळा काढू आणि बंद करू. ती माझ्या काउंटरवर कोपरं टेकून हे सांगताना रडली नाही. फक्त बरण्यांवरची नावं वाचत राहिली, एकामागून एक.

त्याच नोव्हेंबरात डेन्मार्कहून विचारणा आली. तिथल्या एका कलाशाळेची मंडळी दर वसंतात आणि दर शरदात महिना महिना इकडे येणार होती. अठरा माणसं, तीन वर्षांचा करार. चित्रं बघायची, समोर बसून काढायची, संध्याकाळी त्यावर वाद घालायचे. त्यांना मुक्कामासाठी एक गाव हवं होतं आणि दोन गावं त्यांनी निवडली होती, आपलं आणि सान्तेर्मो. दोन्ही बघायला त्यांची एक बाई येणार होती. ती हो म्हणाली तर तुझं लॉज वाचणार, नाही म्हणाली तर बंद. इतकं सरळ होतं, आणि गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी तुला दुकानात बोलावलं. आठवतं? तू टोपी हातात धरून उभा, जसा काही मी तुला टोचणार आहे.

"काय डॉक्टरीणबाई, आज कुठलं विष?"

"बस. नीट ऐक. त्या बाईला तीन गोष्टी सांगायच्या. इथे शांतता आहे, इथून सगळीकडे बस जाते, आणि सान्तेर्मो सुंदर आहे."

"तिसरी कशाला?"

"कारण ती ते चित्र बघायला येतेय. तुझं नाक बघायला नाही. इथे राहून ते चित्र अर्ध्या तासावर आहे हे तिला पटलं पाहिजे. म्हण, सान्तेर्मो सुंदर आहे."

"सान्तेर्मो जवळ आहे."

"सुंदर."

"अंतर सुंदर आहे."

ग्वेर्रीनो खोकल्याचं औषध घ्यायला आला होता, तो हसून हसून खरंच खोकायला लागला.

"हे बघ," मी म्हटलं, "आपलं गाव म्हणजे उंबरठा आहे. लोक इथून बाहेर पडतात, इथे परत येतात. त्यात कमीपणा कसला?"

"उंबरठ्यावर लोक पाय देतात."

"देऊ देत. पाय पुसून या म्हणावं."

"माझ्या घरी झोपायचं, माझं खायचं आणि सकाळी उठून त्यांचं चित्र बघायला जायचं." तू खरोखरच दुखावला होतास. "उद्या नीवेस माझ्या घरी जेवून ग्वेर्रीनोबरोबर नाचायला गेली तर मी काय अंतर मोजत बसू?"

"ग्वेर्रीनोला नाचता येत नाही," नीवेस दारातून म्हणाली. ती केव्हा आली होती कोण जाणे.

तरी तू तयारी केलीस. अंगणात अंजिराखाली उभा राहून तू पुटपुटत होतास, सान्तेर्मो सुंदर आहे, सान्तेर्मो सुंदर आहे. शेजारच्या म्हातारीला वाटलं तुला काहीतरी झालंय. तिने मेणबत्ती लावली.

ती बाई आली. इंगेलीस तिचं नाव. उंच, पायात रबरी बूट, आपली भाषा सावकाश पण बिनचूक बोलणारी. तिने खिडक्यांची रुंदी मापली. बूट काढून पलंगावर आडवी झाली आणि डोळे मिटून पडली, तेव्हा तू आणि मी दारात दोन नोकरांसारखे उभे. जेवणाच्या खोलीत कुठल्या वेळी किती प्रकाश असतो ते तिने विचारलं, तेही तू नीट सांगितलंस. मग तिला अर्धा देवदूत दाखवला. ती त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की माझे पाय दुखले. बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्या चेहऱ्यासाठीसुद्धा मी इथे राहीन."

तुझे कान लाल झाले. मी मनात म्हटलं, झालं काम.

रात्री तुझ्याकडे जेवायला मलाही बोलावलं होतं. सूप संपलं आणि ग्वेर्रीनोच्या आईला धाप लागली म्हणून मला बोलावणं आलं. मी उठून गेले. नीवेस आत शेवया निथळत होती. टेबलाशी तुम्ही दोघंच.

सकाळी खोऱ्यात धुकं भरलं होतं, नोव्हेंबरात भरतं तसं. चौकात आरेत्सोची आणि उर्बीनोची अशा दोन्ही बसगाड्या उभ्या असतात त्या वेळी. तू तिची पेटी उचलून आणलीस, पण तिने ती तुझ्या हातातून घेतली, दोन्ही हातांनी तुझा हात धरून आभार मानले आणि धुक्यात गेली. आम्ही सगळे समजून चाललो की ती सान्तेर्मोला गेली. दुसरीकडे कुठे जाणार?

मग वाट बघणं सुरू झालं. गाव असं वागायला लागलं की जणू कागदावर सही झाली. ग्वेर्रीनोने नव्या खुर्च्या आणल्या. नगरपालिकेने चौकातल्या बाकाला हिरवा रंग दिला. नीवेस डेन्मार्कचे लोक काय खातात ते मला विचारायची, जसं काही ते औषधशास्त्रात शिकवतात. फक्त तू दिसायचा नाहीस. दिसलास तर घाईत असायचास. मला वाटलं, कौलांच्या कामामागे आहे.

ख्रिसमस जवळ आला तरी पत्ता नाही, तेव्हा मी दुकानातून डेन्मार्कला फोन लावला. समोरासमोर ती आपली भाषा बोलायची, पण फोनवर तिला ती नीट कळेना, म्हणून फ्रेंच. माझं कॉलेजातलं, तिचं माझ्याहून चांगलं. तू, नीवेस, ग्वेर्रीनो आणि आणखी चौघंजण काउंटरपलीकडे उभे. फ्रेंच कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळे माझं तोंड बघत होते.

इंगेलीसबाईंना फार आनंद झाला. म्हणाल्या, "तुमच्या ओत्तोरीनोंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या कुणी लपवलं असतं."

"काय लपवलं असतं?"

"सान्तेर्मोचं चित्र बंद आहे ते. दुरुस्तीसाठी. पाच-सहा वर्षं उघडणार नाही म्हणाले. सांगताना त्यांना किती वाईट वाटत होतं. ते चित्रच नाही तर आम्ही त्या खोऱ्यात कशाला यायचं? मी दुसऱ्या दिवशी तशीच खिंडीपलीकडे गेले. तिकडचं एक गाव घेतलं."

तेव्हा निम्म्या इटलीत परांच्या उभ्या होत्या. ज्या देवळात जावं तिथे कापड लावलेलं आणि पुढे पाटी. तिने का म्हणून शंका घ्यावी? तिच्या देशात माणूस जेवणाच्या टेबलावर जे बोलतो ते खरं असतं.

"बाई," मी म्हटलं, "ते चित्र बंद नाही. आजही उघडं आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पण आमची सही झालीय," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मग ते असं का म्हणाले?"

मी कळवते असं काहीतरी म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाली?" ग्वेर्रीनो.

"त्यांनी खिंडीपलीकडचं गाव घेतलं."

"का?"

मी तुझ्याकडे बघितलं नाही. तूच म्हणालास, काउंटरवरच्या तराजूकडे बघत, "मी तिला सांगितलं, सान्तेर्मो बंद आहे."

ग्वेर्रीनो हसला. सवयीने हसला, आपण सगळे हसायचो तसा. मग त्याचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतलं सगळं निघून गेलं. नीवेसने तुझ्या कोटाच्या बाहीवरचा एक धागा काढला, बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "चल घरी. दूध गॅसवर ठेवलंय."

तुला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी दिल्या नाहीत. कोणत्या तोंडाने देणार? तुझ्या जागी आमच्यातला कुणीही असता तरी त्याच्या जिभेवर तेच शब्द तयार होते. त्या दिवसापासून चौकात ते वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. परका माणूस येऊन रस्ता विचारायचा, आम्ही हात करून दाखवायचो, तो जायचा.

मी मात्र तुला सोडणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने आत आले. तू जेवणाच्या खोलीतले टेबलक्लॉथ इस्त्री करत होतास. एकही पाहुणा नसताना.

"खरं सांग," मी म्हटलं. "चेष्टेत म्हणालास ना? आणि तिला कळलं नाही."

"नाही."

"मग जळून म्हणालास?"

"नाही ग." तू इस्त्री उभी ठेवलीस. "तिसरी गोष्टसुद्धा म्हणालो होतो मी. सान्तेर्मो सुंदर आहे. म्हणालो. नीवेसला विचार, तिने आतून ऐकलं. मग त्या बाईने विचारलं, दुपारी त्या भिंतीवर उजेड कुठून पडतो? चित्रातला उजेड आणि खिडकीचा उजेड एकाच बाजूचा आहे का? मुलांना समोर बसवून काढायला लावायचंय, म्हणून विचारते म्हणाली."

"मग?"

"मला कुठे ठाऊक."

"कुठे ठाऊक म्हणजे?"

"मी बघितलंय कुठे ते."

मी खुर्ची ओढून बसले. वीस वर्षं तू पाहुण्यांना ते चित्र वर्णन करून सांगताना मी ऐकत आले होते. तेरा माणसं आणि टेबलावर धड खायला काही नाही, असं म्हणायचास आणि पाहुणे हसायचे. डावीकडून तिसऱ्याच्या हातात सुरी आहे. कोपऱ्यात मांजर आहे. एवढं सगळं तू सांगायचास.

"ते पाहुणेच सांगतात," तू म्हणालास. "जाऊन येतात, जेवताना बोलतात. मी वाढताना ऐकतो. आधीच्यांचं पुढच्यांना सांगतो. मांजराचा रंग मात्र दर वेळी बदलतो. उजेडाचं आजवर कुणी बोललंच नव्हतं."

शाळेची सहल गेली होती त्या दिवशी तुझ्या वडिलांनी तुला घरी ठेवून घेतलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. आदल्या रविवारी आपण धनुष्याची स्पर्धा हरलो होतो. त्यानंतर तू मोठा झालास. रोक्काल्वीनाच्या ढोलवाल्याचा मुलगा तिकीट काढून त्यांच्या मठात शिरताना दिसला असता तर बेडूकखाऊंनी त्यावर गाणं रचलं असतं. मग लॉज हातात आलं, पाहुण्यांना सांगायला लागलास, आणि नंतर कधी जाणार? जाताना आपलंच कुणीतरी बघणार आणि म्हणणार, अरे, तू तर केव्हाच बघितलंयस ना?

"नाही बघितलं म्हणाला असतास तर काय झालं असतं?" मी विचारलं.

"ती म्हणाली असती, अर्ध्या तासावर राहता आणि बघितलं नाही? मग हे तुमचं अंतर सुंदर कसलं?" तू पुन्हा इस्त्री उचललीस. "तोंडातून निघून गेलं, बंद आहे म्हणून. तिने विचारलं, का बंद? मग दुरुस्ती काढावी लागली. मग किती दिवस विचारलं. मग वर्षं सांगावी लागली. तिने माझा हात धरला, डॉक्टरीणबाई. मला वाटलं सकाळी खरं सांगू. सकाळी तिने पुन्हा हात धरला."

मी फार बोलणारी बाई आहे, पण त्या दिवशी टेबलक्लॉथची दोन टोकं धरून तुझ्याबरोबर घड्या घातल्या आणि घरी गेले.

वसंतात तू लॉजची पाटी उतरवलीस. तंबाखू सुकवायच्या गोदामात लागलास. आणि नीवेसला नोकरी कुठे मिळाली? सान्तेर्मोच्या हॉटेलात, स्वयंपाकाला. हे तुला वाचताना काय होत असेल. रोज सकाळी तू तिला बसपर्यंत सोडायला यायचास. तिची पिशवी तुझ्या हातात. ती पायरी चढली की पिशवी वर द्यायचास आणि बस वळेपर्यंत उभा राहायचास. तुझा पाय त्या पायरीवर कधी पडला नाही.

मिरेलाला हे ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. नीवेस ते चित्र बघून आली होती. एकदा नाही, पुष्कळदा. दुपारच्या सुट्टीत मठातली नन तिला फुकट आत सोडायची. मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "मोठं आहे. बसायला बाक आहे, पाय मोकळे होतात." मग म्हणाली, "त्याला सांगत नाही मी. तो उजेडाचं विचारेल, आणि मग मला सांगावं लागेल." बारा वर्षं तिने तिथे नोकरी केली. एवढी बडबडी बाई, ही एक गोष्ट पोटात ठेवून गेली.

ती गेल्यावर तू वर्षभर माझ्या दुकानात आला नाहीस. गोळ्या शेजारणीकडून मागवायचास. मग एका बुधवारी आलास. टोपी हातात.

"गुरुवारी दुपारी तुझं दुकान बंद असतं," तू म्हणालास.

"पहिल्या दिवसापासून बंद असतं. आज कळलं?"

"तुझी गाडी चालते का अजून?"

"माझ्यापेक्षा बरी चालते. कुठे जायचंय?"

तू दुकानात कुणी आहे का ते बघून घेतलंस. कुणी नव्हतं. "खाली," म्हणालास. "ते बघायला."

मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू दाढी करून, लग्नातला कोट घालून आलास, तेव्हाही काही बोलले नाही. याचं श्रेय मला द्यायला हवं, कारण तो कोट पाठीत उसवलेला होता. आपण निघालो. उतार संपला, पॉप्लरच्या रांगा लागल्या, पुलापाशी आलो. पूल ओलांडला की त्यांच्या गावाची पाटी. तू म्हणालास, "थांब जरा." मी थांबवली. तू नदीकडे बघत बसलास. पलीकडून एक म्हातारा सायकल ढकलत आला, त्याने वाकून आत बघितलं, टोपीला हात लावला आणि गेला. तो तुला ओळखत होता की माझ्या खटाऱ्या गाडीला हसत होता, देव जाणे.

"मी गॅस चालू ठेवून आलो," तू म्हणालास.

"ठेवला नाहीस."

"ठेवला असेल तर?"

मी गाडी वळवली. गॅस बंद होता. तू म्हणालास, "पुढच्या गुरुवारी." मी म्हटलं, "बरं."

पुढच्या गुरुवारी ग्वेर्रीनोच्या आईची अंत्ययात्रा निघाली. त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला महिनाभर गाडी चालवायला बंदी. मग तू अंगणातल्या पायरीवरून पडलास आणि खुबा मोडला. मिरेला तोरीनोहून आली, तुझ्या सामानाच्या दोन पेट्या भरल्या. अँब्युलन्समध्ये घालताना तू मला खुणेने जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "आलो की जाऊ." मी म्हटलं, "जाऊ की. गाडी कुठे पळून जातेय."

गाडी मी गेल्या वर्षी विकली. तू तोरीनोत चौथ्या मजल्यावर आहेस आणि तुमची लिफ्ट व्हीलचेअरला पुरत नाही असं मिरेला म्हणते. मी आता आरेत्सोच्या बसमध्ये एकटी चढू शकत नाही, आणि चढले तरी तुझ्याशिवाय जाऊन मी काय करणार? माझं बघून झालंय.

तेवढं आपलं एक जाणं राहिलं.

तुझी
इल्दे